त्रिकोणासनात गुडघा कुठे बघतोय? साधकाला आसनाची नीट ठेवण सापडावी म्हणून शिक्षकाने करायची कामं

जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पहाटे पावणेसहाच्या वर्गात चटईतूनसुद्धा फरशीचा गारठा तळव्यांना लागतो. बारा-पंधरा जण त्रिकोणासनात उभे आहेत: पाय फाकवून एका बाजूला झुकलेले, एक हात खाली, एक वर. नुकतीच पदविका हातात पडलेली शिक्षिका एका काकूंजवळ येते, त्यांचा वरचा खांदा मागे ओढते, कंबर पुढे ढकलते, मान वर वळवते. फोटो काढावा असं आसन होतं. ती समाधानाने पुढच्या चटईकडे वळते, आणि तिच्या पाठीमागे काकू श्वास सोडून पुन्हा होत्या तशा.

ती शिक्षिका मीच. गंगापूर रोडच्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायला लागले तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं मी हेच केलं. गणपतीच्या मंडपात आरास मांडावी तशी माणसं मांडत होते. आता एकच कसोटी लावते: मी हात काढून घेतल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी मी अवाक्षर न बोलता, साधक तीच गोष्ट आपणहून करतो का? करत असेल तर दुरुस्ती झाली. नाहीतर नुसता माझा व्यायाम झाला.

नाशिकमध्ये योगशिक्षकांची वानवा नाही. विश्वासराव मंडलिकांच्या योग विद्या धाममधून आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांतून दरवर्षी नवे शिक्षक बाहेर पडतात. त्यांना आसनं येतात, श्लोक येतात. अडतं ते समोर पंधरा वेगवेगळी शरीरं उभी राहिली की. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मुख्यतः त्रिकोणासन धरून सांगते, कारण पाय, खुबा, पाठ, मान असं सगळंच त्यात उघडं पडतं.

आधी स्वतःची चटई सोडा

आसन करून दाखवता दाखवता कुणाला बघता येत नाही. एकदा दाखवा, मग उठा आणि फिरा. साधकांकडे तोंड करून दाखवत असाल तर आरशासारखं दाखवा, म्हणजे तोंडाने ‘उजवा’ म्हणताना पाय स्वतःचा डावा वळवा. सुरुवातीला गोंधळ होतो, आठवडाभर घरी भिंतीसमोर सराव केला की जमतं. शिक्षिकेचा उजवा पाय बघून आपला डावा वळवणारे निम्म्या वर्गात सापडतात, आणि ती त्यांची चूक नसते.

चटया सरळ रांगेत लावू नका. गवंडी विटा रचतो तशा, सांधा चुकवून लावा. मागचा माणूस दोन पुढच्यांच्या मधून दिसतो आणि हात पसरले की शेजाऱ्याच्या नाकाला लागत नाहीत.

बघायचं ते सात-आठ फुटांवरून. जवळ गेलं की नजर एका गुडघ्यावर अडकते आणि माणूस दिसत नाही. एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा पाठीमागून. मी जमिनीपासून वर बघत जाते: तळवे, घोटे, गुडघे, खुबे, बरगड्या, खांदे आणि सगळ्यात शेवटी चेहरा. खरं तर चेहऱ्यावर आधी लक्ष जातं, पण तिथे दिसणारी आठी बहुतेक वेळा खाली कुठेतरी सुरू झालेली असते. टाच सुटलेली असते म्हणून कपाळ आवळलेलं असतं.

फिरताना एक हिशेब मनात ठेवा. अर्ध्याहून जास्त वर्ग एकच चूक करत असेल तर ती चूक तुमच्या सूचनेत आहे. मी ‘उजवं पाऊल बाहेर वळवा’ असं सांगत असे. लोक अगदी आज्ञाधारकपणे पाऊलच वळवायचे, मांडी तिथेच राहायची आणि गुडघा मधल्यामध्ये पिळला जायचा. सगळ्यांचा. ‘मांडीसकट सगळा पाय खुब्यातून वळवा’ म्हणायला लागले, तेव्हा एकेकाजवळ जाऊन करायचं काम निम्म्याने कमी झालं. दोघा-तिघांचंच चुकत असेल तर मात्र त्यांच्यापाशी जायचं.

आणि माणूस दिवसभर काय करतो हे माहीत करून घ्या. माझ्याकडे दिंडोरीच्या बाजूचे एक द्राक्षबागायतदार येत. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला मांडवाखाली दिवसच्या दिवस हात वर आणि मान मागे. त्यांचे खांदे माझ्यापेक्षा चांगले उघडतात. पण त्रिकोणासनात ‘वरच्या हाताकडे बघा’ म्हटलं की त्यांच्या मानेत कळ येई. ज्याची मान आठ तास आभाळाकडेच असते, त्याला मी पुन्हा वर बघायला सांगत होते! ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका कायम एका खुब्यावर भार टाकून उभ्या असतात. सातपूर-अंबडच्या कंपनीतून रात्रपाळी करून थेट वर्गाला येणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या लाकडासारख्या असतात. रोज सकाळी पांडवलेणी चढणाऱ्यांचीही तीच गत, फक्त ते ती अभिमानाने सांगतात.

काय सुधारायचं आणि काय सोडून द्यायचं

चुका दहा दिसतील. एका फेरीत एकच सांगा. दोन सांगितल्या की साधक दुसरी ऐकतो, पहिली विसरतो आणि चेहरा ओशाळा करतो.

निवड कशी करायची? जिथे दुखापत होऊ शकते ते आधी: गुडघा, मान, कमरेचे मणके. मग पाया, म्हणजे पावलं आणि त्यांच्यातलं अंतर, कारण पाया बदलला की वरच्या तीन-चार गोष्टी न बोलता बदलतात. उरलेलं नंतर कधीतरी. हात जमिनीला टेकला की नाही, टाचा खाली गेल्या की नाही, हे माझ्या यादीत नाहीच.

काही गोष्टी सुधारण्यासारख्या नसतातच. खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा माणसागणिक वेगळी असते, मांडीच्या हाडाचा पीळही वेगळा असतो. दोन बहिणी शेजारी शेजारी उकिडव्या बसतात, एकीच्या टाचा आरामात टेकतात, दुसरीच्या उचललेल्याच राहतात. दुसरीच्या टाचांखाली सतरंजीची घडी सरकवा. लगेच खोल आणि आरामात बसता आलं, तर अडचण घोट्यात आहे आणि सरावाने काही प्रमाणात सुटेल. तरीही खुब्यात पुढच्या बाजूला काहीतरी अडल्यासारखं वाटत असेल तर तिला पावलं रुंद करू द्या, थोडी बाहेर वळवू द्या. हाड हाडाला भिडत असेल तर स्नायू कितीही ताणले तरी जागा होणार नाही. तसंच कोपराचं. बऱ्याच जणांचा, विशेषतः बायकांचा, हात सरळ केला की कोपरापासून थोडा बाहेर झुकतो. तो वाकडेपणा नाही, ठेवण आहे. एकाच्या हाडाची ठेवण दुसऱ्याच्या चित्राशी जुळवायला जाऊ नका.

त्रिकोणासन, जमिनीपासून वर

अंतर. पाय जवळ असले की धड नुसतं लोंबतं, फार लांब असले की गुडघे घाबरतात. हात खांद्याच्या रेषेत पसरा आणि घोटे साधारण कोपरांच्या खाली किंवा जरा बाहेर येतात का बघा. मध्यम उंचीच्या माणसाला हे तीन-साडेतीन फूट होतं. आखूड वाटलं तर वाढवू, पण सुरुवात इथून.

मागचं पाऊल. उजवीकडे झुकताना डाव्या टाचेची बाहेरची कड उचलली जाते आणि साधकाला त्याचा पत्ता नसतो. इथे माझी आवडती युक्ती: वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी त्या कडेखाली ठेवा आणि आसन घेऊ द्या. मग पट्टी हलकेच ओढा. सरकन निघाली तर टाचेवर भार नाही. ‘पट्टी मला काढू देऊ नका’ एवढंच म्हणा. मांडी, खुबा, मागची बाजू, सगळं आपोआप कामाला लागतं. याच जागी ‘डाव्या मांडीचे स्नायू आवळा’ म्हटलं असतं तर माणूस जबडा आवळतो. लक्ष शरीराच्या आतल्या भागाऐवजी बाहेरच्या एखाद्या वस्तूवर, कागदावर, भिंतीवर, जमिनीवर लावलं की हालचाल सहज होते. हा माझा रोजचा अनुभव, आणि हालचाली कशा शिकल्या जातात याचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. पट्टीने भागलं नाही तर मागची टाच भिंतीला टेकवून उभं करा.

पुढचा गुडघा. शीर्षकातला प्रश्न याचाच. वाटी पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेला हवी. बहुतेकांची ती अंगठ्याच्याही आत बघत असते. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा पुढे-मागे हलणारा सांधा. पाऊल एकीकडे आणि मांडी दुसरीकडे, असा पीळ त्याच्यावर रोज पडला तर आज नाही पण सहा महिन्यांनी तो बोलणारच. मी म्हणते, ‘गुडघ्याच्या वाटीवर बॅटरी बांधलीय. झोत मधल्या बोटांवर पाडा.’ वयस्कर माणसं हसतात आणि लगेच करतात. पण इथे थांबून परत पायाकडे बघा. झोत बाहेर नेताना अंगठ्याचं मूळ जमिनीपासून सुटतं. तिथेही एक कागदाची पट्टी. दोन्ही जमलं की गुडघ्याची दिशा लागली.

याच गुडघ्याचा दुसरा त्रास उलटा आहे: लवचीक मुलींचा गुडघा मागच्या बाजूला कमानीसारखा जातो. बाहेरून आसन सुंदर दिसतं, म्हणून कुणी त्यांना बोलत नाही. ‘पाय ताणा’ ही सूचना तर त्यांच्यासाठी विषच. पोटरीच्या वरच्या भागामागे वीट तिरकी टेकवून ठेवा. गुडघा मागे जायला लागला की पोटरी विटेवर दाबली जाते आणि तिला स्वतःला कळतं. ‘गुडघा केसाएवढा सैल’ असं म्हणते मी. सुरुवातीला तिला पाय वाकलेलाच आहे असं वाटेल. बाजूने फोटो काढून दाखवा, पाय सरळ असतो.

खुबे. ‘दोन भिंतींच्या मध्ये उभे आहात असं समजा’ ही सूचना तुम्हीही ऐकली असेल. मी भिंतीला पाठ करून उभं करते, पण दोन्ही खुबे भिंतीला चिकटलेच पाहिजेत असा आग्रह धरत नाही. पुढचा पाय बाहेर वळलेला असताना वरचा खुबा थोडा पुढे येणं बऱ्याच शरीरांना स्वाभाविक असतं. तो जबरदस्तीने मागे नेला की भरपाई गुडघा करतो, नाहीतर कमरेखालचा सांधा. हे सगळ्यांना पटत नाही, पण मी अशी आसनं कमरेच्या दुखण्यावर जाताना बघितली आहेत. भिंतीचा उपयोग वेगळा आहे: धड पुढे कलंडलं की पाठ आणि भिंत यातलं अंतर वाढतं, आणि ते साधकाला पाठीनेच समजतं. झुकताना सूचना एकच: ‘उजवा हात लांब, त्या खिडकीपर्यंत. आणखी लांब. आता खाली.’ आधी लांब, मग खाली. उलट केलं की बरगड्यांची खालची बाजू चुरगळते.

खालचा हात. जमीन हे ध्येय नाही हे शंभरदा सांगावं लागतं, तरी दुसऱ्याची बोटं टेकलेली दिसली की हात खाली जातोच. शेजाऱ्याशी स्पर्धा आपल्या रक्तात आहे. म्हणून मी आधीच सगळ्यांना वीट देते, टेकणाऱ्यांनासुद्धा. बी. के. एस. अय्यंगारांनी विटा, पट्टे, खुर्च्या, दोर यांचा वापर शिस्तीत बसवला, आणि १९७५ साली पुण्यात सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतून ही साधनं जगभर गेली. लाकडी विटा महाग वाटत असतील तर दोन मातीच्या विटा वर्तमानपत्रात गुंडाळा, चिकटपट्टी लावा. पट्ट्याच्या जागी पंचा किंवा जुनी ओढणी, उशीच्या जागी गुंडाळलेली घोंगडी. ज्यांना वीटही खोल पडते त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची, पण ती भिंतीला टेकवून, नाहीतर सरकते. खालच्या हातावर भार किती? ‘वीट आत्ता काढली तर पडाल का?’ असं विचारा. पडणार असेल तर वीट आणखी उंच करा.

मान शेवटी. मान पाठकण्याच्या ओळीत आली की पुरे. नजर समोर, दुखत असेल तर खाली पायाकडे. वर बघणं ऐच्छिक, आणि चक्कर येणाऱ्यांना अजिबात नाही.

आणि सोडताना! नव्या शिक्षकांचं लक्ष आसन लागल्यावर सुटतं, आणि कंबर धरते ती नेमकी वर येताना. पुढचा गुडघा जरासा वाकवा, दोन्ही पाय जमिनीत दाबा, श्वास घेत वर या. उजवी बाजू झाली की डावी बाजू मी पुष्कळदा एकही शब्द न बोलता करायला लावते. उजवीकडे सांगितलेलं डावीकडे आपणहून आलं का, ते तिथेच दिसतं.

मराठीत सूचना देताना

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ‘आता आपला जो उजवा पाय आहे त्याचा जो गुडघा आहे तो थोडासा बाहेरच्या बाजूला…’ इथपर्यंत येताना साधकाचा दम संपलेला असतो आणि काय करायचं ते अजून कळलेलंच नसतं. म्हणून आधी अवयव, मग दिशा, मग क्रियापद, चार-पाच शब्दांत: ‘डावी टाच, खाली दाबा.’ अवयवाचं नाव घेतल्यावर पाव सेकंद थांबा, लक्ष तिथे पोचू द्या. बोलून झालं की तीन श्वास गप्प. शिक्षकाला हे गप्प बसणं आसनापेक्षा अवघड जातं.

नकार टाळा. ‘खांदा उचलू नका’ ऐकल्यावर खांदाच आठवतो. ‘कान आणि खांदा यांच्यात जागा करा’ म्हटलं की काहीतरी करायला मिळतं.

काही ठरलेले शब्द दगा देतात. ‘सरळ’ म्हणजे आपल्याकडे वाकडं नसलेलंही आणि उभंही. पाय पसरून बसून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात ‘पाठ सरळ’ म्हटलं की अर्धे लोक उठून बसतात. मी ‘पाठ लांब’ म्हणते. ‘ताठ’ ऐकलं की शाळेतली कवायत आठवते, छाती पुढे आणि श्वास बंद. ‘पोट आत’ म्हटलं की सगळे श्वास रोखतात. ‘खांदे मागे’ने बरगड्या पुढे येतात. हे शब्द वर्ज्य करा असं नाही, पण बोलून झाल्यावर नेमकं काय घडलं ते डोळ्यांनी बघा.

नाव घेऊन हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारू नका. साठीच्या माणसाला चारचौघांत ‘काका, तुमचं चुकतंय’ ऐकणं आवडत नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी येत नाही. सूचना सगळ्या वर्गाला द्या आणि त्यांच्या शेजारून जा. नाहीच समजलं तर जवळ जाऊन हळू आवाजात, अहो-जाहो सांभाळून.

हात लावायचा असेल तर

विचारून. प्रत्येक वेळी. पण सगळ्यांसमोर ‘हात लावू का?’ विचारलं तर भिडेखातर होकार येतो. आपल्याकडे शिक्षकाला नाही म्हणायची सवय कुठे आहे? म्हणून आमच्या वर्गात एक खूण आहे: ज्यांना स्पर्श नको त्यांनी चटईचा मागचा कोपरा दुमडून ठेवायचा. कारण विचारायचं नाही. आज दुमडला, उद्या उघडला, तरी चालतं. पुरुष शिक्षकांनी तर हे कटाक्षाने करावं, आणि बहुतेक ठिकाणी स्पर्शाशिवायच भागवावं.

स्पर्श दिशा दाखवायला. जोर लावायला नव्हे. सगळ्यात उत्तम स्पर्श तर हवेतला: ताडासनात डोक्याच्या वर दोन बोटांच्या अंतरावर तळहात धरा आणि ‘डोकं माझ्या हाताला लावा’ म्हणा. माणूस आतून वाढतो. त्रिकोणासनात पसरलेल्या हाताच्या बोटांपुढे आपला हात धरा आणि एकेक बोट मागे सरका. धड लांबतं, कुणालाही न ओढता.

काही गोष्टी मी कधीच करत नाही. पश्चिमोत्तानासनात पाठीवर दाब देणं. सर्वांगासनात पाय धरून वर खेचणं. मान वळवणं. गुडघ्याला बाजूने ढकलणं. तळवे एकमेकांना जुळवून बसायच्या बद्धकोनासनात मांड्या खाली दाबणं. हा शेवटचा धडा एका ताईंच्या जांघेने मला दिला. मी दाबलं, त्या काही बोलल्या नाहीत, चेहराही बदलला नाही. पुढचे दीड महिने त्या जिना चढताना कठडा धरत होत्या, आणि मला हे कळलं तेही दुसऱ्या कुणाकडून. तेव्हापासून ‘दुखलं तर सांगा’ या वाक्यावर माझा भरवसा उरला नाही. न सांगणारी माणसं खूप आहेत.

कुठे आणि कसं जाणवतंय?

मग कळायचं कसं? विचारायचं, पण ‘दुखतंय का’ असं नाही. त्याचं उत्तर ‘नाही, नाही, ठीक आहे’ हेच येतं. ‘कुठे जाणवतंय, आणि कसं?’ असं विचारा. इथे मराठी फार कामाला येते, दुखण्याच्या इतक्या छटांना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. मांडीच्या मधोमध ओढ बसतेय, पोटरीला रग लागलीय: चालू द्या, श्वास चालू आहे ना बघा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या हाडापाशी नेमक्या एका जागी टोचतंय: अर्धं बाहेर या, वीट उंच करा, पाय जरा वाकवा. कळ आली, चमक भरली, मुंग्या आल्या, बधिर झालं: आसन सोडा, लगेच. कंबरेतून निघून गुडघ्याच्या खाली पायात उतरणारी कळ असेल तर तो ठेवणीचा प्रश्न नाही, आधी डॉक्टर. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे शब्द समजावून देते. पुढच्या आठवड्यापासून लोक आपणहून ‘रग आहे, कळ नाही’ असं सांगतात.

वर्गाच्या प्रवेश-अर्जावर रक्तदाब, काचबिंदू, हाडांचा ठिसूळपणा, मणक्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण हे रकाने ठेवाच. काचबिंदू किंवा न आवरलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. ठिसूळ हाडांना पाठ गोल करून पुढे वाकणं नको. अशा वेळी ठेवण सुधारत बसण्यात अर्थ नाही, आसनच बदला.

इतर आसनांत हीच पद्धत

हात-पाय जमिनीला टेकून बैठक वर उचलायच्या अधोमुख श्वानासनात टाचा टेकवण्याच्या नादात पाठीचा घुमट होतो. गुडघे वाकवू द्या, टाचा उचलू द्या, आधी बैठक वर आणि मागे जाऊ द्या. पाठ लांब झाली की मग एकेक टाच जमिनीकडे. मनगट दुखतंय अशी तक्रार आली तर भार बहुतेकदा करंगळीच्या बाजूला गेलेला असतो. तर्जनीच्या मुळाखाली तीच कागदाची पट्टी ठेवा. ज्यांना खाली वाकताच येत नाही त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून हेच आसन करावं. घरी खरोखर केलं जातं ते हेच.

पश्चिमोत्तानासनाची दुरुस्ती वाकण्यात नसतेच, बसण्यात असते. दंडासनात, म्हणजे पाय पुढे पसरून, हात न टेकता, दहा श्वास आरामात बसता येतं का? नसेल तर बैठकीखाली सतरंजीची घडी, तरी नाही जमलं तर दुसरी घडी, पाठ मागे कलंडायची थांबेपर्यंत. मग तळव्यांना पंचा अडकवा. बहुतेकांना या आसनात एवढंच लागतं, आणि बहुतेकांना ते कुणी दिलेलं नसतं.

एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात उचललेल्या पायाचा तळवा गुडघ्यावर बाजूने टेकवू नका, वर मांडीला किंवा खाली पोटरीला लावा. एक बोट भिंतीला असलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी

वर्ग संपल्यावर पाच मिनिटं वहीला द्या. माझ्या वहीत एका साधकाला एक ओळ: ‘पुढचा गुडघा आत. बॅटरी चालली.’ ‘मागची टाच. पट्टीने नाही, भिंतीने.’ ‘मान वर नको, बागेचं काम.’ कुठली सूचना कोणाला लागू पडली ते लिहून ठेवलं की पुढच्या वेळी दहा वाक्यं वाचतात. एखादी सूचना तीनदा देऊनही फरक पडला नसेल तर चौथ्यांदा मोठ्याने देऊ नका. ती खोडा आणि दुसरी वाट शोधा: शब्दाने नाही तर कागद, कागदाने नाही तर भिंत, भिंतीने नाही तर त्यांच्याच मोबाइलवर दहा सेकंदांचं चित्रण, त्यांना विचारून, त्यांच्याच फोनमध्ये.

आणि आठवड्यातून एकदा, आम्ही शनिवारी करतो, एक फेरी पूर्ण मौनात. मी फक्त आसनाचं नाव घेते आणि मागे भिंतीशी जाऊन उभी राहते. वही हातात असते. कालच्या नोंदींपैकी कोणती आज कुणाच्या अंगात उतरली, त्यापुढे बरोबरची खूण करायची. उरलेल्यांची सोमवारची सूचना तिथेच लिहून टाकायची.